चित्रपटाने नेलेली कुत्री

आमची कुत्री एका चित्रपटाने नेली. असं सांगितलं की लोकांना वाटतं, मी गंमत करतेय. दवाखान्यातल्या माझ्याबरोबरच्या नर्सने तर विचारलं होतं, "का गं, हिरोईन झाली का काय?" तिचंही चुकलं नाही. चित्रपटापायी घरदार सोडून गेलेली पोरंपोरी सगळ्यांनी ऐकलेली असतात, राखणीची कुत्री कुणी ऐकलेली नसते. म्हणून एकदा सगळं पहिल्यापासून सांगून टाकते. राग आहे, तो लपवायचा माझा विचार नाही.

मी धाराशिवात नोकरी करते. माझं माहेर येडशीच्या पलीकडं, रामलिंगाचं जंगल संपून उघडा माळ सुरू होतो तिथल्या एका वस्तीवर. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आई आणि मोठा भाऊ मेंढरं राखतात, थोडं कोरडवाहू रान आहे त्यात जोंधळा होतो. रविवारी मी बस पकडून माहेरी जाते आणि आई म्हणते, "आलीस का पावणी." यात टोमणा किती आणि कौतुक किती, हे मला अजून कळलेलं नाही.

कुत्री काळी-करडी होती. एक कान फाटलेला, पुढचा एक पाय पांढरा, जणू पीठ मळून उठलेली. तिला नाव नव्हतं. आमच्या घरात राखणीच्या कुत्र्याला नाव ठेवत नाहीत. नाव ठेवलं की ते उंबऱ्यात येऊन बसतं, मग मेंढरांकडं बघणार कोण, असं आईचं म्हणणं. आई तिला नुसतं "अगं ए" म्हणायची आणि माळाच्या दुसऱ्या टोकाला असली तरी ती वळून बघायची. परका माणूस दिसला की ती त्याला लांबच थांबवायची. मी नवी साडी नेसून गेले तर मलासुद्धा आधी गुरगुरायची, मग वास घेऊन ओळख द्यायची. आईचे गुडघे गेले तरी ती माळावर टिकून होती ती या कुत्रीच्या जिवावर. ती पळायची, आई बसून हाक मारायची. कुत्री नसती तर भावाने केव्हाच मेंढरं विकली असती आणि आईला आणून माझ्या दोन खोल्यांत बसवलं असतं. हे आईला माहीत होतं, भावाला माहीत होतं, आणि मला वाटतं, कुत्रीलाही माहीत असावं.

आमच्या माळावर लांडगे आहेत. आई त्यांचं नाव घेत नाही, 'जनावर' म्हणते. अधूनमधून ते एखादं कोकरू नेतात. कुत्री जिवाच्या आकांताने भुंकते, मागं लागते, आणि एवढं करूनही जनावराने नेलंच तर भाऊ ओढ्यापर्यंत धावतो आणि तिथून परत फिरतो. ओढ्याच्या पलीकडं गेलं ते त्याचं. आई म्हणते, "त्याचा वाटा गेला," आणि तो विषय तिथं संपतो. आजोबांच्याही आधीपासून हे असंच चालत आलंय. माळ त्याचाही आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आता चित्रपटांचं सांगते, कारण खरी भुललेली मी होते.

मी शाळेत असताना वस्तीवर एका घरी टीव्ही आला आणि त्यावर प्राण्यांचे चित्रपट लागायचे. कुठल्या तरी लांबच्या देशातलं गवत, त्यात दबून बसलेली सिंहीण, आणि हिंदीतून बोलणारा तो जाड आवाजाचा माणूस. मी जेवणखाण विसरून बघायची. आई मला बोलवायला यायची आणि दारात उभी राहून तीही थोडा वेळ बघायची. तिचे प्रश्न ठरलेले. "ह्या रानात माणूसच न्हाय व्हय? मग ह्यांची गुरं कोण राखतंय?" किंवा, "बाया पानी कुठनं आणतेत ह्यांच्यात?" मला तिची लाज वाटायची. मी म्हणायची, ते जंगल आहे, तिथं कुणी राहत नाही. आई म्हणायची, "कुणी राहत न्हाय तर हे दाखवायलंय कोण?" मग सगळे हसायचे आणि मी रागाने उठायची. माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की खरा निसर्ग म्हणजे जिथं आपण नाही तो. आमचा माळ मला त्यात धरायला लायकच वाटत नव्हता. कुसळं, बाभळी आणि मेंढरांच्या लेंड्या, त्यावर कोण चित्रपट काढणार?

आणि एक दिवस तसा चित्रपट काढणारा माणूसच वस्तीवर आला.

पुण्याकडचा होता, तिशीतला, दाढी वाढवलेला, पांढरी जीप घेऊन एकटाच. लांडग्यांवर चित्रपट करायचा म्हणाला. कुणीतरी त्याला आमच्या माळाचं नाव सांगितलं होतं. कुत्रीने त्याला बांधावरच अडवला आणि तो बिचारा हात वर करून उभा राहिला. आईने कुत्रीला आवरलं, त्याला तांब्याभर पाणी दिलं आणि विचारलं, "तुमी कुठले हाव? आई हाय का?" आई लहानपणीच गेल्याचं त्याने सांगितलं. झालं, तिथंच आमची आई विरघळली. दुसऱ्या दिवसापासून 'तुमी'चं 'तू' झालं आणि पुढचा सगळा हिवाळा तो आमच्यात जेवला.

मी रविवारी जायची तेव्हा तो असायचाच. मला तर हर्षवायू व्हायचा बाकी होता. लहानपणी टीव्हीत पाहिलेलं जग आपल्या चुलीपुढं मांडी घालून भाकरी खातंय, असं वाटायचं. तो कॅमेऱ्यात टिपलेलं दाखवायचा आणि मी माझाच माळ पहिल्यांदा पाहिल्यासारखी बघत बसायची. ओढ्याच्या काठावर लांडगीण अंग ताणतेय, तिची पिल्लं एकमेकांच्या शेपट्या ओढतायत. आई चष्मा लावून बघायची आणि म्हणायची, "लेकुरवाळी हाय गं बाय." बीळ कुठं आहे हे आमच्यात परक्याला सांगत नाहीत. भावाने त्याला नेऊन दाखवलं, कारण तोवर तो परका राहिलाच नव्हता.

एकच अडचण होती. कुत्री त्याच्या कॅमेऱ्यावर भुंकायची आणि त्याचं सगळं चित्रण वाया जायचं. त्यावर त्याने उपाय काढला. येताना बिस्किटाचे पुडे आणायचा. पांढरी जीप आली की पहिलं बिस्किट कुत्रीला. आधी लांबून टाकायचा, मग जवळून, मग हातातून. पुढं पुढं ती जीपचा आवाज ऐकूनच शेपूट हलवत निघायची, आणि तो जीपचं मागचं दार उघडून तिला आत बसवून बिस्किट द्यायचा. आईला ते आवडलं नव्हतं. "राखणीच्या कुत्र्याला अशी सवय बरी न्हाय, लेकरा," ती एकदा म्हणाली. तो हसला. "आई, माझ्यापुरतीच आहे." मलाही तेव्हा ते गोड वाटलं होतं.

त्या हिवाळ्यात कुत्रीची स्वतःची पिल्लं गेली होती. कसला तरी आजार आला आणि एकेक करून सगळी गेली. तेव्हापासून तिला उचलून आणायची सवय लागली होती. मागं राहिलेलं कोकरू, भावाची चप्पल, एकदा तर माझ्या मुलाचं कापडी अस्वल तिने तोंडात धरून आणून आईपुढं ठेवलं. दात लागल्याची खूण कशावर नसायची. दुधाचं भांडं उचलावं तसं उचलायची.

थंडी सरत आली होती. उसाचे ट्रॅक्टर माळाच्या कडेच्या रस्त्याने दिवसभर धडधडत होते, दोन-दोन ट्रॉल्या मागं लावून. त्या सकाळी मी वस्तीवरच होते. तो जरा उशिरा आला आणि त्याचा चेहरा पडलेला होता. म्हणाला, "आई, लांडगिणीचं एक पिल्लू गेलं. ट्रॅक्टरखाली आलं. रस्त्याच्या कडेला पडलंय." त्याने स्वतः ते पाहिलं होतं, टायरच्या खुणेसकट टिपलंही होतं. हे मी मुद्दाम लिहितेय. ते पिल्लू कशाने मेलं, हे आम्हाला त्याने सांगितलं, आम्ही त्याला नव्हे.

आम्ही बोलत असतानाच कुत्री माळावरून आली. तोंडात ते पिल्लू. मान खाली घालून, हळूहळू चालत आली आणि आईपुढं ते ठेवून बाजूला बसली. तो पटकन कॅमेऱ्याकडं धावला होता. कुत्री बांध उतरून येत होती तेव्हापासूनचं सगळं त्याने टिपलं.

आमच्यात एक रीत आहे. आपल्या रानात मेलेल्या जिवाला तसंच टाकून देत नाहीत. मेंढी असो, बैल असो, त्याला माती देतात. आईने घरातून हळदकुंकू आणलं, पिल्लाच्या कपाळाला लावलं, तोंडापाशी जोंधळ्याचे चार दाणे ठेवले. भावाने बोरीखाली खड्डा काढला. जनावराला, ज्याचं नावसुद्धा आई घेत नाही त्याला, तिने आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं. "आपल्या माळावर जल्मलं, आपल्या माळावर गेलं. आपलंच म्हनायचं," ती म्हणाली. कुत्री शेवटची मूठ माती पडेपर्यंत तिथंच बसली होती. मी दवाखान्यात मरणं बघते, सहसा रडत नाही. त्या दिवशी रडले.

तोही रडला. कॅमेरा बाजूला ठेवून तो आईच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "आई, माझा चित्रपट यातच आहे. हे बघितल्यावर लोकांना कळेल, लांडगे इथं का टिकले ते." आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. जाताना शब्द देऊन गेला की चित्रपट तयार झाला की पहिल्यांदा आईलाच दाखवणार.

मग तो गेला आणि बराच काळ नुसते फोन येत राहिले. आधी आठवड्याला, मग महिन्याला, मग सणासुदीला. चित्रपट तयार झाल्याचं आम्हाला भावाच्या मोबाईलवर कळलं, कारण गावातल्या कुणीतरी त्याला पाठवला होता. परदेशात दाखवला गेला होता, बक्षीस मिळालं होतं. भावाने तो एकट्याने थोडासा पाहिला आणि मला फोन करून एवढंच म्हणाला, "तू ये. आईला शाळेत दावणारेत म्हनं. तू बरोबर पायजेस."

गावच्या शाळेत पडदा लावला होता. बाहेरून पाहुणे आले होते, हारतुरे होते. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि ती पहिल्या रांगेत बसली होती. खरं सांगते, सुरुवातीला मीही हरखले. काय तो माळ. सकाळच्या उन्हात गवत असं झळाळत होतं की हेच गवत आमच्या साड्यांच्या काठात घुसून बसतं यावर विश्वास बसू नये. आई इकडंतिकडं बघत कुजबुजली, "आपल्या पवनचक्क्या कुठं गेल्या गं?" खरंच, एकही पवनचक्की नव्हती. विजेच्या तारा नव्हत्या, उसाचा रस्ता नव्हता, बांध नव्हते, आमचं घर नव्हतं. मेंढरं नव्हती. कुणीच नव्हतं. आई म्हणाली, "हितंबी माणसं न्हाईत व्हय?"

लहानपणी ज्या रानाची मला भूल पडली होती, ते रान आमच्याच माळातून आम्हाला पुसून काढून तयार केलेलं होतं. बाकीच्या देशांतही कुणाला कुणाला पुसलं असेल, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं.

मग संगीत बदललं. ढोल वाजू लागला. बांधावरून आमची कुत्री उतरताना दिसली, तोंडात पिल्लू. त्याने ते सावकाश केलं होतं, म्हणजे तिचं एकेक पाऊल लांबवून. फाटका कान, पांढरा पाय, लोंबणारं पिल्लू. त्याच्या आधी लांडगीण इकडंतिकडं हुंगत हिंडताना दाखवली होती. ट्रॅक्टर नव्हता. टायरची खूण नव्हती. आणि इंग्रजीत तो जाड आवाज, माझ्या लहानपणच्या आवाजासारखाच, म्हणत होता की माळावरच्या लांडग्यांना आता नवा शत्रू निर्माण झालाय, भटकी कुत्री. खाली मराठीत अक्षरं येत होती. शाळेतली पोरं मोठ्याने वाचत होती. भटकी कुत्री.

जन्मात कधी मेंढरांना सोडून गावात न गेलेली ती, तिला भटकी म्हणाले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला उठून तो पडदा ओढून काढावासा वाटत होता. भाऊ मान खाली घालून बसला होता. मागून कुणीतरी म्हणालं, "ही तर ह्यांचीच की."

आईला इंग्रजी येत नाही आणि वाचताही येत नाही. ती पडद्याकडं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. "कसं अलगद धरलंय बघ," ती मला म्हणाली. मग पुढं सरकून बसली, पदर सावरला आणि थांबली. चित्र बदललं. चंद्र आला, गवत आलं, लांडगा उभा राहून ओरडला, नावं वर सरकू लागली. दिवे लागले, टाळ्या पडल्या. आई तशीच बसलेली. म्हणाली, "माती दिल्याली कवा दावतेत?"

मी म्हटलं, "आई, ते नाही त्यात."

"असंल. ह्येच्या फुडं असंल."

"संपलं गं."

तिने थोडा वेळ रिकाम्या पडद्याकडं बघितलं आणि उठली. घरी आल्यावर मी आणि भावाने तिला सगळं समजावून सांगितलं, आवाज काय बोलत होता, अक्षरं काय होती, लोक काय समजणार. तिला ते पटेना. "काय बी सांगताव. बघणाऱ्याला डोळं न्हाईत व्हय? तिनं दातसुदीक लावला न्हाय. लेकरागत धरलंय. कुणीबी बघंल तर त्याला कळंलच की." आईचं सगळं आयुष्य जनावरांत गेलेलं. कुत्र्याने मारायला धरलेलं आणि जपायला धरलेलं यातला फरक तिला लांबूनही कळतो. तो सगळ्यांनाच कळतो, अशी तिची खात्री होती.

मी त्याला फोन लावला. त्याने उचलला, हे मान्य करायला हवं. मी विचारलं, "ट्रॅक्टर कुठं गेला? माती दिलेली कुठं गेली?"

"ताई, चित्रपटाला एक गोष्ट लागते," तो म्हणाला. आवाज अगदी मऊ. "मी खूप भांडलो. पण ज्यांनी तो करवून घेतला त्यांना माणसं नको होती. माणसं आली की जंगल वाटत नाही म्हणाले."

"आणि कुत्रीने मारलं हे?"

"तसं आम्ही कुठंच म्हटलेलं नाही. तुम्ही नीट ऐका. कुत्री हा धोका आहे एवढंच म्हटलंय, आणि ते खरंच आहे ताई, बाकी ठिकाणी कुत्र्यांचा त्रास आहेच."

मी म्हटलं, "आमच्या ताटात जेवून तू आमचाच केसाने गळा कापलास." तो म्हणाला, "आईंना सांगा, मी त्यांना विसरलेलो नाही." मी फोन ठेवला.

पुढचं पटकन सांगते, कारण त्यात रेंगाळावंसं वाटत नाही. चित्रपट गाजला आणि लोक जीपा घेऊन माळ बघायला येऊ लागले. शहरातल्या कुठल्याशा निसर्गप्रेमी मंडळींनी ठरवलं की लांडगे वाचवायचे तर माळावरची कुत्री हलवली पाहिजेत. गावातल्या पुढाऱ्यांनी मान डोलावली. एका सकाळी भाऊ तेरला बाजाराला गेला होता आणि आई मेंढरं घेऊन बोरीपाशी बसली होती. रस्त्यावर पांढरी जीप थांबली. मागं जाळी होती, ती आईला दिसली नाही. कुत्रीला ती दिसली असली तरी तिने मनावर घेतलं नसेल. परक्याला लांबच अडवणारी ती, शेपूट हलवत पळत गेली.

आई काठी टेकत जाईपर्यंत ती मंडळी बिस्किट देत होती. पोरगेलीशी मुलं होती, चांगली बोलणारी. एकाने मोबाईलवर चित्र दाखवून विचारलं, "आजी, फिल्ममधली कुत्री हीच ना?" आईला वाटलं, ही पोरं तिला बघायला आलीत. हिने पिल्लू कसं अलगद आणलं ते बघून, शोधत शोधत आलीत. ती म्हणाली, "व्हय, तीच ती. लई गुणाची हाय." जीपचं मागचं दार उघडलं आणि कुत्री स्वतः उडी मारून आत बसली, सवयीने. दार लागलं. त्यांनी आईला समजावलं की तिला चांगल्या ठिकाणी ठेवणार आहोत, तुम्ही काळजी करू नका. आई जीपमागं चालत राहिली. किती लांब गेली माहीत नाही. भावाला ती उसाच्या रस्त्याच्या कडेला बसलेली सापडली, आणि मेंढरं माळभर पांगलेली.

आम्ही हात बांधून बसलो नाही. मी रजा टाकली, भाऊ आणि मी चौकशी करत त्या ठिकाणी गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये पिंजरेच पिंजरे, त्यात कितीतरी कुत्री. आमची नव्हती. एक जण म्हणाला पळून गेली, दुसरा म्हणाला लांब नेऊन सोडली, तिसऱ्याला काही माहीतच नव्हतं. भाऊ प्रत्येक पिंजऱ्यापुढं उभा राहून आईसारखं "अगं ए" म्हणत होता. नाव असतं तर नावाने हाक मारली असती.

कुत्री गेल्यावर लांडगे वस्तीच्या अगदी जवळ येऊ लागले. कोकरं जाऊ लागली. पहिलं गेलं तेव्हा मी आपली सवयीने म्हटलं, "वाटा गेला म्हणायचं." आई माझ्यावर उसळली. "राखण असताना नेलं तर त्यो वाटा. राखणच न्हाय ठिवली तर त्याला काय वाटा म्हनत्येत? ही लूट हाय." भाऊ आता ओढ्यापाशी थांबत नाही. हातात सुतळी बॉम्ब घेऊन पार पलीकडं जातो. शेजारच्या वस्तीवर लांडग्यांना विष घालायच्या गोष्टी चालतात आणि त्यांना गप्प करायला पूर्वी आई जायची, ती आता जात नाही. चित्रपट लांडग्यांसाठी काढला होता म्हणे.

यंदाच्या हिवाळ्यात मेंढरं विकायचं ठरलं. आई आता माझ्याकडं येईल. दोन खोल्या आहेत, खिडकीतून समोरच्या इमारतीचं जिन्याचं भिंताड दिसतं. मी तिच्यासाठी खाट आणून ठेवली आहे.

व्यापारी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी आईचं सामान बांधत असताना, तो आला. पांढऱ्या जीपचा आवाज ऐकून आईने मान वर केली. त्याच्या हातात साडी आणि मिठाईचा पुडा होता. दाढीत थोडे पांढरे केस आले होते. त्याला दुसरा चित्रपट करायचा होता. म्हणाला, "या वेळी माणसांवर करणार आहे, आई. तुमच्यावर. तुमचं आणि लांडग्यांचं नातं." माझ्या ओठांवर कितीतरी शिव्या आल्या होत्या. भावाने मला डोळ्याने गप्प केलं.

आई उठली, गुडघ्यावर हात ठेवून आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. "घ्या," ती म्हणाली. "तुमी लांबनं आलाव." त्याच्या हातात तांब्या तसाच राहिला. त्याने अंगणात, बांधाकडं, मेंढरं कोंडायच्या रिकाम्या वाघराकडं बघितलं. खरंच त्याला माहीत नव्हतं की काय, कोण जाणे. खिशातून बिस्किटाचा पुडा काढत त्याने विचारलं, "कुत्री कुठं आहे आई?"

आईने साडी आणि मिठाई त्याच्याच बाजूला सरकवली.

"तुमच्याजवळच हाय की," ती म्हणाली. "पिच्चरमधी." आणि त्याला तिथंच सोडून ती मला कपड्यांच्या घड्या घालायला मदत करू लागली.